टोपलीमागची गोष्ट

धाकटी : ताई, पाय खाली.

थोरली : खालीच आहे.

धाकटी : डावा खाली आहे. उजवा चपलेतून बाहेर पडलाय आणि टेबलाच्या आडव्या दांडीवर जाऊन बसलाय. मला दिसतंय इथून.

थोरली : सवय आहे त्याला. इतकी वर्षं कामाला जुंपला होता, आता नुसतं बस म्हटलं तर बावचळणारच.

धाकटी : आजचा दिवस बावचळू दे त्याला. जेवणं आटोपली की ती व्हिडिओवाली मंडळी तिकडून निघतील. तोवर तुला टेबलावर टोपलीच्या बुडाचे चार फेर घालता आले पाहिजेत. जास्त नाही, चारच. अर्धी विणलेली टोपली मी शेजारी ठेवते, मग पुढचं तिच्यावर दाखवू.

थोरली : म्हणजे मी चार फेर घालायचे आणि उरलेली टोपली आभाळातून पडायची.

धाकटी : व्हिडिओत असंच असतं. मधलं कापतात.

थोरली : बरं आहे बाई. जिवाला कष्ट नाहीत.

धाकटी : झालं तुझं सुरू? हे बघ, उभे वेत मी एकमेकांवर रचून दिलेत. डाव्या हातानं मधोमध धर आणि उजव्यानं...

थोरली : कुठल्या डाव्या हातानं?

धाकटी : तळव्यानं दाब. बोटांनी नको.

थोरली : दाबला तळवा. आता बघ, पलीकडची टोकं उठली. उठली की नाही? आता त्यांना कोण धरणार, तू? माझ्या पायाचा अंगठा धरायचा. बिचारा कुरकुर न करता धरायचा, फोटो काढा म्हणायचा नाही.

धाकटी : बाकीच्या बायका शिकल्याच ना टेबलावर. उलट पाठीला आराम पडला म्हणतात.

थोरली : बाकीच्यांना दहा बोटं आहेत. माझी मोज. की तेही मीच करायचं?

धाकटी : तो विषय आपण नंतर बोलू.

थोरली : तुझं नंतर कधी उजाडतच नाही. आणि ही खुर्ची कुठून पैदा केलीस? दाढी करायला बसवल्यासारखं वाटतंय मला. आता कुणीतरी येऊन गळ्याला कापड गुंडाळेल.

धाकटी : खुर्च्या त्या बाईंनी सुचवल्या. त्यांच्या दुकानांची सगळी खरेदी त्या बघतात, माहितीये ना तुला. स्वभावानं चांगल्या आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की कारागीर सन्मानानं बसलेले दिसावेत. खाली फरशीवर बसून, पायात टोपली धरून काम चाललंय, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना बघवत नाही.

थोरली : बघवत नाही म्हणजे काय? माझी दया येते की माझ्या पायाची किळस?

धाकटी : दोन्ही असेल. लोक त्या टोपलीत पाव ठेवतात, फळं ठेवतात, तान्ह्या बाळाचे कपडे ठेवतात. उद्या तुझ्या ताटाला कुणी पाय लावला तर तुला चालेल?

थोरली : टोपली धुतात. मी पाय धुऊन बसते. बसायच्या आधी साबण लावून धुते, हे तुझ्या त्या चिठ्ठीवर लिही की. एवढं सगळं लिहितेस.

धाकटी : तुला माहितीये, हे सगळं टळलं असतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा बघायला आल्या, तेव्हा मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जरा जपून बसा. सगळ्या जपून बसल्या. तू मुद्दाम केलंस.

थोरली : काय केलं?

धाकटी : त्या अगदी तुझ्यासमोर उभ्या होत्या. तू टोपली दोन्ही पायांत पकडलीस आणि गरागरा फिरवलीस. तळवे त्यांच्या तोंडापुढे. एरवी तू तशी फिरवत नाहीस. मी काय आंधळी आहे?

थोरली : केलं मुद्दाम. नाही कुठे म्हणते.

धाकटी : का पण? माझं नाक कापायला?

थोरली : त्याआधी तिनं काय केलं ते विसरलीस का? तिनं माझा हात हातात घेतला. हा, डावा. असा कुरवाळला, मांजराचं पिल्लू असावं तसा. डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, रानात वेत तोडताना कोयत्यानं दोन बोटं गेली, तरी तुम्ही विणणं सोडलं नाहीत, तुमच्या पाया पडावंसं वाटतं. मी आधी मागे वळून बघितलं. म्हटलं, ही कुणाशी बोलतेय, माझ्या मागे कुणी उभं आहे का. मागे कुणी नव्हतं. मग समोर बघितलं, तर तिच्या मागे तू. मान डोलावत.

धाकटी : ताई...

थोरली : पाया पडावंसं वाटतं म्हणाली. म्हटलं घे, हे पाय.

धाकटी : मग मी काय सांगायला हवं होतं? यंत्रात गेली म्हणून? आपण टोपल्यांना जी चिठ्ठी बांधतो तिच्यावर काय लिहिलंय? 'एकही यंत्र न लावता, फक्त माणसांच्या हातांनी.' लोक त्यासाठी घेतात आपला माल. नुसती टोपली प्लास्टिकचीही मिळते. बोटं यंत्रात गेली म्हटलं की पहिला प्रश्न येणार, कुठलं यंत्र? मग दाखवा. मग ते मागच्या शेडमध्ये जाणार.

थोरली : मग लिहू नकोस तसं. यंत्रानं वेत चिरतो, हातानं विणतो, असं लिही. खोटं काय आहे त्यात?

धाकटी : खोटं नाही, पण खपतही नाही. मी लिहून बघितलं होतं ताई, सुरुवातीला. 'वेत यंत्रानं चिरलेला.' कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि यंत्राशिवाय हातानं वेत चिरत बसलो तर एवढा माल निघत नाही. दोन्हीकडून माझीच मान अडकलेली. तुला सोपं वाटतं खाली बसून.

थोरली : आता कुठे खाली? खुर्चीवर आहे.

शेजारीण : मॅडम, येऊ का आत? ते यंत्राचं काय करायचं? पांढरी चादर टाकली तर मेलेलं माणूस झाकल्यासारखं दिसतंय. मला तर भीतीच वाटली मेली.

धाकटी : मग चादर काढा. त्याच्यापुढे वेताच्या मोळ्या उभ्या करा. भिंतीसारख्या. आणि शेडला कुलूप लावा.

शेजारीण : कुलूप लावलं तर विचारतील ना, कुलपात काय आहे? काय म्हणते मी, कुलूप नसलेलं बरं. उघड्या दारात कुणी डोकावत नाही.

धाकटी : बरं, नका लावू. बाकीच्या कुठे आहेत?

शेजारीण : सगळ्या धुतलेले कपडे घालून बसल्यात खुर्च्यांवर. लायनीत. कुणाला हसू आवरेना झालंय, कुणाला झोप. ताई, तुम्ही छान दिसताय हो. केस कुणी विंचरले?

थोरली : मालकीणबाईंनी. मला हल्ली वेणी घालता येत नाही.

शेजारीण : छान झाली. मी यंत्र पुसूनबिसून ठेवलंय हं. आणि मॅडम, तुम्ही काळजी करू नका, त्या लोकांनी काही विचारलं तर मी आपली गप्प. यंत्राचं नावसुद्धा काढणार नाही. पण बाई, मी त्यावर बसते ना रोज, मला रोज ताईंची आठवण येते. कळ दाबायच्या आधी तीनदा बघते, आत कुणाचा हात नाही ना. ताईंनीच शिकवलंय तसं. म्हणाल्या, माझ्यासारखी घाई करू नकोस गं, हात आत असताना मीच माझ्या हातानं कळ दाबली, डोकं ठिकाणावर नव्हतं. अशी स्वतःची चूक उघड सांगणारी माणसं राहिली नाहीत हो.

धाकटी : हं. तुम्ही त्या मोळ्यांचं बघता ना?

शेजारीण : बघते. आणि ताई, हसा जरा. कॅमेऱ्यात रागीट दिसाल.

थोरली : जा तू.

धाकटी : दार ओढून घ्या. पूर्ण.

थोरली : ऐकलंस? बाई भोळी आहे. मी सांगेन ते खरं मानते.

धाकटी : आपण प्रश्न घेऊया. त्या बाईंनी फोनवर पाठवलेत, आधी कळावेत म्हणून. मी त्यांच्यासारखं विचारते, तू उत्तर दे. छोटी उत्तरं दे. आणि हात टेबलावर ठेव, दिसेल असा.

थोरली : म्हणजे पाय लपवायचा आणि हात मांडायचा.

धाकटी : लोकांना तुझा हात बघून काहीतरी वाटतं ताई. मलाही वाटतं.

थोरली : तुला काय वाटतं?

धाकटी : प्रश्न पहिला. 'हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात?'

थोरली : आईकडून. ती गेली तेव्हा धाकटी बहीण अजून बोबडं बोलत होती. टोपल्या विकून तिला वाढवली, शाळेत घातली, पुढे शिकवली. आता ती मला शिकवते, खुर्चीवर कसं बसायचं.

धाकटी : शेवटचं वाक्य नको.

थोरली : ते कापा की. मधलं कापता ना तुम्ही.

धाकटी : 'तुमच्या हाताला काय झालं?'

थोरली : पहाटेची वेळ होती. मी रानात गेले होते. पक्षी ओरडत होते...

धाकटी : पक्षी नकोत.

थोरली : रान आहे ना? मग पक्षी असणारच. मुकं रान कुठे असतं? तुझ्या लेकीनं तर कोल्हापण घातलाय.

धाकटी : कुठे?

थोरली : तुला माहीत नाही? शाळेत भाषण केलं तिनं. 'माझी शूर मावशी.' मावशी रानात गेली, कोयता घसरला, कोल्हा बघत होता, मावशी रडली नाही. बक्षीस मिळालं तिला, पेनांचा डबा. घरी येऊन माझ्या मांडीवर बसून सगळं म्हणून दाखवलं. म्हणाली, मावशी, बरोबर आहे ना? मी काय सांगणार? म्हटलं, कोल्हा दोन होते.

धाकटी : मी तिला शिकवलं नव्हतं ते. आपल्या वेबसाइटवर वाचलं असेल.

थोरली : तेच म्हणते मी. बाहेरच्यांना काय सांगायचं ते सांग, पोट आहे, धंदा आहे, एवढं मलाही कळतं. पण ते आता घरात येऊन बसलंय. शेजारणीला मी एक सांगितलंय, गिऱ्हाइकांना तू दुसरं. पोरीनं तिसरंच केलं. खरं फक्त दोघींना माहीत आहे. आणि त्यातली एक विसरत चाललीय असं मला दिसतंय.

धाकटी : मी काहीही विसरलेले नाही. पुढे सांग. कोयता घसरला.

थोरली : कोयता घसरला. वेत अडकला होता. आडवा होऊन दोन चाकांच्या मध्ये असा रुतला होता की पुढे जाईना, मागे येईना.

धाकटी : चाकं नाहीत तिथे.

थोरली : झुडपाच्या मध्ये. रान भरात होतं, घरघर चालली होती. रान बंद केलं. बंद करून मग हात घातला, मी काही वेडी नव्हे. बोटांनी वेत चिमटीत धरला, सुटत आला होता. तेवढ्यात रान चालू झालं.

धाकटी : ताई, असं बोलणार असशील तर राहू दे.

थोरली : रान आपोआप चालू होतं का गं?

धाकटी : मला कळतंय तू काय करतेस ते.

थोरली : मग सांग. कळ कुणी दाबली?

धाकटी : आत्ता? ते लोक रस्त्यात आहेत, बाहेर बायका नटून बसल्यात, आणि तू आत्ता हे काढतेस?

थोरली : आत्ताच. ते आले की मी बोलणार ते कायमचं होणार. दुकानादुकानांत दाखवतील, मी मेल्यावरही दाखवतील. नाही म्हणत नाही मी, बोलीन. तू म्हणशील तसं बोलीन, पक्षी काढून टाकून. फक्त त्याआधी एकदा, दार लावलंय, इथे तिसरं कुणी नाही, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तेवढंच. मला ना वेबसाइटवर हवंय, ना कुणाच्या कानावर घालायचंय.

धाकटी : इतकी वर्षं तूच सगळ्यांना सांगत आलीस की तू दाबलीस.

थोरली : हो.

धाकटी : दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, माझीच चूक. रक्तानं माखलेली होतीस, बोलायचंही त्राण नव्हतं, पण ते बरोबर बोललीस.

थोरली : तुझ्या पोटात पोर होती. तू पांढरीफटक पडली होतीस. म्हटलं, माझं जायचं ते गेलं, आता हिचंही काही व्हायला नको. तेव्हा बाकी काही सुचलं नाही मला.

धाकटी : आणि नंतर? पोर झाली, चालायला लागली, शाळेत गेली. नंतर तरी एकदा विचारलंस का मला, तुला काही बोलायचंय का? तू परस्पर माफ करून मोकळी झालीस. मी काही कबूल केलंय का, मला काय वाटतंय, कशाचा पत्ता नाही. तुझं आपलं ठरलं, धाकटीला पदराखाली घ्यायचं. त्या दिवसापासून तुझ्यासमोर मला 'आमटी खारट झालीय' म्हणायची चोरी. तू नुसता तो हात टेबलावर ठेवतेस आणि माझं बोलणं संपतं.

थोरली : मी हात कुठे ठेवू मग? घरी ठेवून येऊ?

धाकटी : बघ, हेच. हेच म्हणते मी.

थोरली : बरं, चुकलं माझं. तुला बोलू दिलं नाही, चुकलं. आता बोल. आता मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसते.

धाकटी : तुला वाटतं मी हे सगळं माझ्यासाठी करते? या बायका आधी काय करत होत्या आठव. दुसऱ्यांची भांडी घासायच्या, मार खायच्या. आज त्यांच्या घरात त्यांचा शब्द चालतो. तुझा हात बरा व्हावा म्हणून मी किती डॉक्टर पालथे घातले. तुला काही कमी पडू दिलं का मी?

थोरली : नाही. काही कमी पडू दिलं नाहीस.

धाकटी : मग?

थोरली : मी एवढंच विचारलं, कळ कुणी दाबली.

धाकटी : वीज गेली होती ताई.

थोरली : काय?

धाकटी : वीज गेली म्हणून यंत्र थांबलं. तू बंद केलंस असं तुला वाटतंय, पण कळ चालूच राहिली असणार. तू हात घातलास आणि वीज आली. झालं ते असं झालं. कुणाचीच चूक नव्हती. ना तुझी, ना...

थोरली : वीज गेली असती तर वरचा दिवा गेला असता. दिवा जळत होता.

धाकटी : दुपार होती. दिवा कशाला असेल?

थोरली : त्या शेडमध्ये भर दुपारीही दिवा लागतो. अजूनही लागतो, जाऊन बघ. त्याच्याच उजेडात मी तुला बघितलं. फोन उजव्या कानाला, खांद्यात धरलेला. पहिली मोठी ऑर्डर होती ना ती, तू खुशीत होतीस. हसत होतीस कुणाशी तरी. म्हणत होतीस, देते ना, वेळेत देते. आणि डावा हात मागे नेलास आणि न बघता कळ दाबलीस.

धाकटी : तू वाकलेली होतीस. तुला कसं दिसणार?

थोरली : अगं, मी तुला चालायला शिकवलंय. तुझा हात मला ओळखू येणार नाही?

धाकटी : मला वीज आल्याचं आठवतं.

थोरली : तुला तसं आठवायचंय.

धाकटी : नाही. खरंच आठवतं. कितीदा मनात आणते मी तो दिवस, मुद्दाम आणते, आज नीट आठवायचं म्हणून. दरवेळी वीज जाते आणि दरवेळी परत येते. मी दाराशी फोनवर असते. कळीपासून लांब. तू म्हणतेस तसं मला दिसतच नाही ताई. मी काय करू?

थोरली : काही करू नकोस.

धाकटी : तू मला खोटं बोलायला सांगतेस का? तुझ्या समाधानासाठी मी 'मी दाबली' म्हणू?

थोरली : नको. समाधानासाठी म्हणून नकोच. तशी फुकटची कामं मी खूप केलीत, तू नको करू.

धाकटी : मग अशी बघू नकोस माझ्याकडे.

थोरली : मी वेताकडे बघतेय. टोकं उठलीत.

धाकटी : दे, मी धरते ती बाजू.

थोरली : व्हिडिओत तूही येणार आहेस का धरायला?

धाकटी : नाही.

थोरली : मग सोड. मी तळव्यानं दाबते. जमेल तेवढं जमेल.

(बाहेर गाडी थांबते. बायकांचं हसणं एकदम बंद होतं.)

शेजारीण : मॅडम, आले ते लोक. दोन गाड्या आहेत. त्या बाई उतरल्या, पोरं कॅमेरे काढतायत. मी मोळ्या लावल्यात, यंत्राचा कोपरासुद्धा दिसत नाही. ताई, काय झालं? डोळे असे का?

थोरली : वेताचं कुसळ गेलं डोळ्यात.

शेजारीण : राहू द्या तसंच. छान दिसेल ते.

धाकटी : तुम्ही व्हा पुढे. त्यांना पाणी द्या. आलेच मी म्हणावं.

शेजारीण : देते. चला बाई, आज आपण सगळ्या टीव्हीत.

धाकटी : ताई. बोलशील ना? तू नाही म्हणालीस तरी मी आत्ता काही करू शकत नाही, पण... बायका बसल्यात गं बाहेर.

थोरली : बोलीन म्हटलं ना. मी शब्द फिरवला कधी?

धाकटी : आज माझ्यावर रागावली असशील. नंतर आपण दोघी नीट बसू. शांतपणे. तू म्हणशील ते सगळं बोलू.

थोरली : त्याची आता गरज नाही. त्यांना ताटकळत ठेवू नकोस, जा.

धाकटी : एकच प्रश्न राहिलाय त्यांचा. तो विचारून घेऊ का? ऐनवेळी अडखळायला नको.

थोरली : विचार की.

धाकटी : तू वेत बाजूला ठेव. हात असा, हं. 'एवढं रक्त, एवढा त्रास. हे घडलं तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं? तुमची बहीण होती का?'

थोरली : नाही हो बाई. बहीण नव्हती तिथे. मी एकटीच होते.